२१४७४८३६४७ मूळ आहे हे हाताने कसं कळतं, आणि हा आकडा सगळीकडे का भेटतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारलंय की प्रोग्रामिंगमध्ये इंटची (पूर्ण संख्या साठवायच्या ३२ बिटच्या डब्याची) लिमिट २१४७४८३६४७ येते, सर म्हणाले ही मूळ संख्या आहे आणि अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने ते हाताने सिद्ध केलंय, तर दहा आकडी संख्या हाताने तपासणार कशी, आणि लिमिट मूळ असावी म्हणून संगणकवाल्यांनी मुद्दाम तशी ठेवली का, आणि ही आपल्या कापरेकरांची हर्षद संख्या आहे का, आणि शेवटी, हिलाच परत २ चा घातांक केलं तर काय होतं.

मी बावीस वर्षं हिशोबाची सॉफ्टवेअर लिहितोय आणि रविवारी ऑलिंपियाडच्या मुलांना नंबर थिअरी शिकवतो, त्यामुळे हा आकडा मला दोन्हीकडून भेटलेला आहे. जरा लांब लिहितोय, पण कागद पेन घेऊन वाचलंस तर सगळं तुझं तुलाच करता येईल.

हर्षदचं आधी उरकून घेऊ. देवळालीचे द. रा. कापरेकर सर, त्यांच्या व्याख्येप्रमाणे ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. इथे २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६. ४६ सम आणि आपली संख्या विषम, म्हणजे भाग जाणारच नाही. आणि खरं तर दोन किंवा जास्त अंकी कुठलीच मूळ संख्या हर्षद असू शकत नाही, कारण अंकांची बेरीज ही एकापेक्षा मोठी आणि संख्येपेक्षा लहान येते, आणि तिने भाग गेला तर मग ती मूळ कसली. झालं.

आता मुख्य गोष्ट. वाचायला ती दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी अगदी ओबडधोबड वाटते, पण बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली की ओळीने एकतीस वेळा १, बाकी काही नाही. आपल्याकडे ९९९ नंतर १००० येतात तसं हिच्यानंतर २^३१ येतो, म्हणजे संख्या आहे २^३१ − १. हिची सगळी जादू या घडणीत आहे, मोठेपणात नाही. दुसरी कुठलीही उगाच निवडलेली दहा आकडी संख्या १७७२ साली हाताने तपासायची म्हटलं असतं तर फार जड गेलं असतं, ही तपासता आली कारण हिचा आकार असा आहे.

संगणकवाल्यांनी मुद्दाम केलं का? नाही, निव्वळ योगायोग. इंटमध्ये ३२ बिट असतात, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या ३२ जागा, एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो, उरतात ३१, सगळ्यात १ भरले की झाली लिमिट. ८ बिटला हाच हिशोब १२७ देतो, ती मूळ आहे. १६ बिटला ३२७६७, ती मूळ नाही, ७ × ३१ × १५१. ६४ बिटची लिमिट २^६३ − १, एकोणीस आकडी, तिला तर ७ ने दोनदा भाग जातो. असं का होतं ते डोळ्यांनी दिसतं. १५ एक ओळीने लिही आणि तीन तीनचे गट पाड: १११ १११ १११ १११ १११. प्रत्येक गट म्हणजे ७, मग पूर्ण संख्येला ७ ने भाग जाणारच (३२७६७ = ७ × ४६८१, करून बघ). म्हणजे एकांची संख्या गटांत वाटता आली, १५ = ३ × ५ सारखी, तर मोठी संख्या फुटलीच. ३१ एक समान गटांत वाटता येत नाहीत कारण ३१ मूळ आहे. पण इथे मुलं नेहमी घसरतात, घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ असेलच असं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ११ मूळ असूनही फुटली. त्यामुळे २^३१ − १ ला खरी तपासणी लागतेच.

तपासणी म्हणजे काय, वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ आहे ४६,३४० आणि थोडं वर. तिथपर्यंत मूळ संख्या साधारण ४,८००. इटलीतल्या कातालदीने १५८८ च्या सुमारास २^१७ − १ आणि २^१९ − १ याच साध्या पद्धतीने तपासल्या होत्या आणि त्या बरोबर निघाल्या, मग पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात असं म्हटलं, त्यातला फक्त ३१ खरा निघाला. २३ आणि ३७ फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये फोडले, २९ स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३८ मध्ये फोडला (२३३ × ११०३ × २०८९). मग ३१ चं काय, हा प्रश्न लटकून राहिला तो १७७२ पर्यंत. तो सोडवला ऑयलरनेच, तुझ्या सरांनी सांगितलेला माणूस तो. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, वय पासष्टच्या आसपास, आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. अशा माणसाने हे काम केलंय हे मी मुलांना दरवेळी सांगतो.

त्याने ४,८०० भागाकार केले नाहीत. इथेच सगळी मजा आहे म्हणून इथे नीट थांब.

समज क नावाच्या एखाद्या मूळ संख्येने २^३१ − १ ला पूर्ण भाग जातो. आता २ चे घात घे, १, २, ४, ८, १६ असं, आणि प्रत्येकाला क ने भागून फक्त बाकी लिहीत जा. या बाक्या चक्रासारख्या फिरतात, जत्रेतल्या आकाशपाळण्यासारख्या, १ पासून निघून पुन्हा १ वर येतात. ३१ पायऱ्यांनी बाकी पुन्हा १ येते हे आपण धरलंय (२^३१ − १ ला भाग जातो याचा अर्थच तो). म्हणजे चक्राची लांबी ३१ ला भागणारी असणार, आणि ३१ मूळ असल्यामुळे ती एक तर १ किंवा ३१. १ असू शकत नाही, कारण मग २ ची बाकी १ यायला हवी. म्हणजे लांबी ३१ च. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की क − १ पायऱ्यांनी सुद्धा बाकी पुन्हा १ येते. म्हणजे आकाशपाळण्याला ३१ पाळणे आहेत आणि क − १ पाळणे सरकल्यावर पहिला पाळणा परत खाली आलाय, याचा अर्थ क − १ मध्ये पूर्ण फेऱ्याच झाल्या, अर्धवट नाही. म्हणून क − १ ला ३१ ने भाग जातो. क विषम, म्हणून क − १ सम, म्हणून ६२ नेही भाग जातो. म्हणजे भागणारी कुठलीही मूळ संख्या ६२ च्या पटीत १ मिळवून आलेलीच असणार. ३, ५, ७, ११, १३ वगैरे सगळ्या एका फटक्यात बाद. वरचं २०४७ आठव, २३ = २२ + १ आणि ८९ = ८८ + १, तिथे २२ चा नियम चाललेला दिसतो.

ऑयलर अजून एक पाऊल पुढे गेला. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या बाक्यांच्या जगात २ हा कुणाचा तरी वर्ग आहे. हे फक्त अशाच मूळ संख्यांना जमतं ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. ७ बघ, ३ चा वर्ग ९, बाकी २. २३ बघ, ५ चा वर्ग २५, बाकी २. १७ ला ६ चा वर्ग ३६, बाकी २. ५, ११, १३ ला कितीही शोध, मिळणार नाही. हे दोन नियम एकत्र लावले की उरतात फक्त दोन प्रकार, २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवलेल्या संख्या. ४६,३४० पर्यंत पहिल्या प्रकारच्या १८६, दुसऱ्या प्रकारच्याही १८६ (६३ स्वतः सोडून, ती तर मूळच नाही). एकूण ३७२. कुठे ४,८०० आणि कुठे ३७२, आणि त्यातही बऱ्याच नुसत्या बघूनच जातात. सुरुवातीच्या बघ: २४९ ला ३ ने भाग जातो, ३११ मूळ आहे, ४९७ ला ७ ने, ५५९ = १३ × ४३, ७४५ ला ५ ने, ८०७ आणि ९९३ ला ३ ने, १०५५ ला ५ ने, १२४१ = १७ × ७३, मग १३०३ मूळ, १४८९ मूळ. म्हणजे दीड हजारापर्यंत खरे भागाकार फक्त तीन करायचे आहेत! शेवटपर्यंत गेलं तरी खऱ्या मूळ संख्या शंभराच्या आतच राहतात.

आणि भागाकार तरी मोठा कुठे करायचाय, बाक्यांनीच काम होतं. ३११ घे. २^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी, बाकी −५५ धर. वर्ग केला, ३०२५, त्यातून ३११ × ९ = २७९९ गेले, उरले २२६, म्हणजे −८५. ही २^१६ ची बाकी. दोन्हींचा गुणाकार (−८५) × (−५५) = ४६७५, त्यातून ३११ × १५ = ४६६५ गेले, उरले १०, ही २^२४ ची. आता २^७ = १२८ ने गुण, १२८०, त्यातून १२४४ गेले, उरले ३६. म्हणजे २^३१ ची बाकी ३६ आणि आपल्या संख्येची ३५. शून्य नाही, ३११ बाद. चार ओळी. १३०३ ला अशीच २२६ बाकी येते आणि १४८९ ला १९९, ती तू स्वतः करून बघ आणि जुळव. एकदा हात बसला की एका संख्येला दोन तीन मिनिटं लागतात, म्हणजे सगळं काम एका लांबलेल्या रविवारचं आहे. माझ्या वर्गात नववी दहावीच्या सहा मुलांनी वाटून घेऊन ते केलंय, दोन ठिकाणी बाकी चुकली, परत केली, आणि शेवटची ओळ खोडली तेव्हा त्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. पुस्तकात वाचलेलं नव्हतं ते, त्यांनी स्वतः बघितलेलं होतं.

पुढे कितीतरी वर्षं ही माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने लिहून ठेवलं की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा (ती काय ते खाली सांगतो) मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधायला जाणार नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही. आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या, २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, तिला ४ कोटी १० लाखांवर अंक आहेत. ती सुद्धा याच घराण्यातली, नुसते ओळीने एक. या घराण्याला मर्सेन संख्या म्हणतात आणि आपली २१४७४८३६४७ ही त्यातली आठवी मूळ.

आणि आठवी असल्यामुळे आठवी परिपूर्ण संख्याही तिच्यातूनच येते. युक्लिडचा नियम, २^३१ − १ मूळ असेल तर तिला २^३० ने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज बरोबर तेवढीच, जशी ६ ची १+२+३. उत्तर येतं २३०५८४३००८१३९९५२१२८. नवाचा ताळा घे, अंकांची बेरीज ७३, मग १०, मग १. ६ सोडून कुठलीही सम परिपूर्ण संख्या घे, ताळा १ च येतो.

तू विचारलं नाहीस पण सांगतो, आता एवढे भागाकारही लागत नाहीत. ल्युका आणि नंतर लेमर यांची कसोटी आहे. ४ घे, वर्ग करून २ वजा कर, संख्येने भागून बाकी घे, परत वर्ग करून २ वजा कर. घातांक ३१ असेल तर हे २९ वेळा करायचं, शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर नाही. छोट्यावर बघ, घातांक ७, संख्या १२७, पाच वेळा करायचं: ४, १४, १९४ म्हणजे ६७, मग ४४८७ म्हणजे ४२, मग १७६२ म्हणजे १११, मग १२३१९ आणि ते बरोबर १२७ × ९७, बाकी शून्य. मला हे पहिल्यांदा कॉलेजात कळलं तेव्हा मी रात्रभर वेगवेगळे घातांक घालून बघत बसलो होतो.

आता उपयोगाचं बोलू. बार्लोला परिपूर्ण संख्या बिनउपयोगाच्या वाटल्या, पण त्यांच्यामागची ही मूळ संख्या चांगली कामाची आहे. नवाचा ताळा का चालतो? कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १, म्हणून कुठलाही अंक कुठल्याही जागेवर असला तरी स्वतःएवढाच मोजला जातो आणि नुसती बेरीज करून भागते. अगदी तसंच २^३१ ला आपल्या संख्येने भागलं की बाकी १. म्हणजे मोठ्या संख्येचे वरचे बिट उचलून खालच्या ३१ बिटांत मिळवले की भागाकार झालासुद्धा. या सोयीमुळे १९६९ पासून रँडम नंबर काढायला ही संख्या वापरतात, १ पासून सुरू करायचं, दरवेळी १६८०७ ने गुणायचं आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. १, १६८०७, २८२४७५२४९, आणि पुढचा गुणाकार ४७४७५६१५०९९४३. याचा ताळा करू: यात २^३१ बसतो २२१० वेळा, उरतात १६२२६४७८६३, त्यात ते २२१० मिळवले, १६२२६५००७३. हीच बाकी. भागाकार न करता. आणि ही माळ पुन्हा १ वर यायला २१४७४८३६४६ पायऱ्या लागतात, मधली एकही संख्या सुटत नाही. का? २१४७४८३६४६ चे मूळ अवयव २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. ७ चे घात घेत गेलं तर ते सगळ्या बाक्या फिरून येतात, १६८०७ हा ७ चा पाचवा घात आहे, आणि ५ वरच्या यादीत नाही म्हणून पाच पाच पाळणे ओलांडत गेलं तरी एकही चुकत नाही. एक सांगून ठेवतो, खेळ किंवा सिम्युलेशनला हे ठीक आहे, ओटीपी किंवा पासवर्डला कधीही वापरू नकोस, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

आणि ही लिमिट विसरलं की काय होतं ते मी जवळून बघितलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे तालुक्याच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर होतं. रक्कम पैशात साठवायची पद्धत होती, म्हणजे दशांश चिन्हाची भानगड नको, आणि साठवली होती ३२ बिटमध्ये. गणित करून बघ, २१४७४८३६४७ पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. एकेका खात्याला हे भरपूर होतं, पण एकूण ठेवींची बेरीज मार्चअखेरीला त्याच्या पुढे गेली आणि ताळेबंदात एकूण ठेवी दोन कोटींहून जास्त, पण उणे अशा छापून आल्या. मॅनेजर काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, त्यांना वाटलं कुणीतरी अपहार केला. खात्यातला एकही पैसा हललेला नव्हता, फक्त बेरजेचा डबा भरून उलटा झाला होता, ६४ बिटचा केल्यावर आकडा जुळला. पण ती संध्याकाळ त्या माणसाने कशी काढली असेल ते मला अजून आठवतं, आणि तेव्हापासून मी पैशाचा प्रत्येक कॉलम स्वतः उघडून बघतो. तूही बघत जा.

तारखेचंही तसंच. जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजतात, त्यांचा २१४७४८३६४७ वा सेकंद आपल्या वेळेनुसार १९ जानेवारी २०३८, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी पडेल, आणि पुढच्या सेकंदाला त्या घड्याळात डिसेंबर १९०१ दिसेल. मीटर, मशीनमधले कंट्रोलर, पंधरा वर्षं कोणी हात न लावलेली उपकरणं, तिथे खरं काम बाकी आहे.

शेवटी एक, कारण तुझ्या प्रश्नाच्या शेवटी होतं की हिलाच परत घातांक केलं तर. ३ मूळ, २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ, २^१२७ − १ पण मूळ. ३१ ची माळ सुद्धा तशी सुरू होते, ५ वरून ३१, ३१ वरून २१४७४८३६४७, सगळे मूळ. मग २^२१४७४८३६४७ − १? तिला ६४ कोटींवर अंक आहेत, ती पूर्ण लिहायला जाऊच नको. पण वरचा आकाशपाळण्याचा नियम तिलाही लागू आहे, भागणारी मूळ संख्या २ × २१४७४८३६४७ च्या पटीत १ मिळवून आलेलीच असणार, आणि अशी एक सापडलेली आहे: पट ६८७४५, संख्या २९५२५७५२६६२६०३१. म्हणजे ती मूळ नाही, माळ इथे तुटते. आणि हे तू आज रात्री पायथॉनमध्ये बघू शकतोस. २ घे, वर्ग कर, २९५२५७५२६६२६०३१ ने भागून बाकी घे, परत वर्ग, परत बाकी. मधले आकडे अगदी कसेही येतील, आणि ३१व्या वर्गाला समोर परत २ उभे राहतील.